पेवातलं यंत्र

११ जानेवारी १९९८, रविवार

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायला जागा आहे, ती भरली. मच्छिंद्र, पिठाची गिरणी, पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. आता पुढं काय लिहायचं ते कळत नाही.

ही डायरी बेबीनं पोस्टानं पाठवली. मागच्या पंधरवड्यात एका गिऱ्हाइकाशी भांडता भांडता मला घेरी आली. बायकोनं, द्वारकानं, टेम्पोत घालून जालन्याला नेलं आणि दोन दिवस दवाखान्यात निजवलं. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आहे, चिडायचं नाही. बेबीला कळलं तशी ही वही आली. आत चिठ्ठी, 'अण्णा, ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी आधी यात भांडा. दुसऱ्या दिवशीही भांडावंसं वाटलं तर मग जा.' लेक बंगळूरला शास्त्रज्ञ झाली तर बापाला अक्कल शिकवते.

तिचं नाव बेबीनंदा. शाळेत घालताना मास्तर म्हणाले, नीट नाव सांगा. मी म्हटलं, हेच नीट आहे. आता तिकडे तिला डॉक्टर नंदा म्हणतात म्हणे. म्हणोत.

गुरुवारी ती येणार आहे, सोबत कसलंसं यंत्र आहे आणि ते तिला आपल्या मागच्या खोलीखालच्या पेवात ठेवायचं आहे. त्या पेवात बाबांच्या काळी ज्वारी असायची. आता विंचू आहेत. उद्यापासून झाडून घेतो.

१५ जानेवारी, गुरुवार

बेबी आली. जीपमधून उतरल्यावर आधी पेटी उतरवली, मग आमच्या पाया पडली. वाळली आहे. द्वारकानं संक्रांतीचा तिळगूळ राखून ठेवला होता, तो तिनं उभ्या-उभ्याच खाल्ला आणि पेव बघायला गेली.

रात्री जेवताना सगळं समजावून सांगितलं. मला समजलं तेवढं लिहितो. उपग्रह पृथ्वीभोवती सारखा पडतच असतो, फक्त खाली पोचत नाही. जिथं जमिनीखाली जड खडक आहे तिथं पृथ्वी त्याला जरा जास्त ओढते, हलकं असेल तिथं कमी. त्या ओढीवरून पृथ्वीच्या पोटात कुठं काय आहे त्याचा नकाशा काढता येतो. अडचण एवढीच की वरही थोडी विरळ हवा असते, ती उपग्रहाला रेटते. ओढ किती आणि रेटा किती हे वेगळं काढायचं काम बेबीच्या यंत्राचं. त्यात काडेपेटीएवढा एक धातूचा ठोकळा आहे. वर गेल्यावर तो डबीत कुठल्याच भिंतीला न टेकता राहणार. जरा सरकला की वीज त्याला परत मधोमध आणणार. त्यासाठी किती जोर लागला, ते मोजायचं. इथं जमिनीवर तो बारीक तारेला टांगला आहे.

मी विचारलं, "असा कितीसा रेटा असतो?"

"अण्णा, पिठाचा एक कण तळहातावर पडला तर कळतो का तुम्हाला?"

"न्हाई."

"याला कळतो. म्हणून तर इकडं आणलं. तिकडं तळघरात ठेवलं तरी रस्त्यावरची बस कळून राह्यली त्याला. आपलं पेव बराबर कातळापर्यंत खोदलेलं आहे."

हे यंत्र जर्मनीच्या एका उपग्रहावर बसवायचं की नाही, ते ठरायचं आहे. त्यांच्याकडे दुसरं एक यंत्र आहे, त्यांच्याच माणसांनी केलेलं. बेबीला शुक्रवारच्या आत, म्हणजे येत्या तेवीसच्या आत, चाचणीचा कागद पाठवायचा आहे. पास झाली तर तिला दोन वर्षं तिकडे जावं लागेल. नाही झाली तर चार वर्षांचं काम कपाटात.

दोन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत, असं मी म्हणालो. द्वारका तवा उतरवायचा राहिला म्हणून आत गेली. चूल तर मघाशीच विझवली होती.

१७ जानेवारी, शनिवार

यंत्र पेवात बसलं. वरच्या खोलीत एक पेन कागदावर रेघ ओढत बसतं. खाली ठोकळ्याला जे कळेल ते वर कागदावर उमटतं. दिवसभर मजा पाहिली. द्वारकानं पाट्यावर मिरची वाटली, रेघ थरथरली. शेजारच्या केशरबाईची म्हैस उठली, रेघेला टेंगूळ आलं. मी अंगणातून चालत आलो तर बेबी आतून म्हणाली, "अण्णा, आलात का?" मला वाटलं, खोकलो असेन.

मग मी गिरणी चालू केली. पेन कागदाच्या बाहेर गेलं.

बेबी बाहेर आली. गिरणीच्या दारात येऊन नुसती उभी राहिली. लहानपणी तिला जत्रेत काही पाहिजे असलं की अशीच उभी राहायची, मागायची नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन. सोमवार ते बुधवार."

माझे बाबा गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा, एवढी दोनदाच ही गिरणी बंद राहिली आहे. पोळा असो, घरचं लग्न असो, दुपारनंतर का होईना पट्टा फिरतो. लोकांच्या भाकरीचा प्रश्न आहे. तरी ठेवतो म्हटलं.

बेबी म्हणाली, कुणाला कारण सांगू नका, नाहीतर बघायला गाव लोटेल. म्हणून दळण घ्यायला आलेल्यांना नुसतं सांगितलं, तीन दिवस बंद. केशरबाई म्हणाली, "काऊन भाऊ, काय झालं?" मी म्हटलं, "तुला काय करायचं? तुझं पीठ घे अन जाय." हे आधी वहीत भांडायला पाहिजे होतं, राहून गेलं.

१९ जानेवारी, सोमवार

गिरणी बंद. बेबी म्हणाली होती, तुम्ही शेतात जाऊन बसा. मी ऐकलं नाही. पोरगी घरात एकटी काम करणार आणि मी बांधावर बसणार, हे कसं काय? तिनंच सांगितलं होतं, यंत्राला बसलेला माणूस चालतो, हललेला चालत नाही. म्हणून मी गिरणीत आतून कडी लावून पोत्यावर बसतो. गिऱ्हाईक दिसलं की माझं तोंड सुरू होतं, त्यापेक्षा हे बरं. द्वारका अनवाणी चालते आणि भाकरी थापायच्या ऐवजी शिळं खाऊ घालते. दुपारी केशरबाई आली तर द्वारकानं ओठावर बोट ठेवून दार लावून घेतलं.

२० जानेवारी, मंगळवार

कालचा कागद खराब निघाला. कुणाचा तरी ट्रॅक्टर. बेबीला झोप नाही, डोळे लाल झाले आहेत. पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा आळीतल्या बायकांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि कुणी बोललं नाही, असं द्वारका सांगत होती. शहरात शिकलेल्या पोरीशी बायका अशाच वागतात, मी म्हटलं.

खरं लिहायचं तर आज मनात आलं, नाही झालं तर नाही झालं. पोरगी बंगळूरला राहील, सणावाराला येईल. मग माझी मलाच लाज वाटली. हे पान फाडणार होतो. पण फाडलं तर मागचं पानही निघतं, म्हणून राहू दिलं.

२१ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर हसतील. मीही हसतो आहे, अधूनमधून.

शेवटचा दिवस. बेबीनं पहाटेच बजावलं, "अण्णा, मी दार वाजवेपर्यंत जागचं हलायचं न्हाई. बिलकुल. आभाळ कोसळलं तरी." मी पोत्यावर बसलो. गिरणीच्या फळीला एक फट आहे, तिच्यातून अंगण दिसतं.

ऊन जरा वर आलं तशी केशरबाई डोक्यावरून पदर घेऊन आली आणि ओट्याच्या भिंतीला टेकून बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. मग पुरुष आले, टोप्या काढून हातात घेतलेल्या. कुणी बोलेना. द्वारका धावत बाहेर आली, सगळ्यांना हात जोडून तोंडावर बोट ठेवून विनवायला लागली, आणि कुणी उठेना तेव्हा तिला रडू फुटलं. पोरीचं काम गेलं म्हणून रडत होती. बायकांनी तिला मधे घेतलं आणि त्याही रडायला लागल्या.

मला कळेना कोण गेलं. आळीत तर सगळे धडधाकट होते.

तेवढ्यात हसनाबादचा टेम्पो थांबला आणि माझी बहीण सोनूबाई उतरली. फाटकातूनच तिनं सूर लावला, "अरे माझ्या मच्छिंद्रा, मला सांगितलंसुद्धा न्हाई रे." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेलो तो मी.

आता बघा. गिरणी तीन दिवस बंद. मी नुकताच दवाखान्यातून आलेलो आणि रविवारपासून कुणाला दिसलेलो नाही. पोरगी अचानक बंगळूरहून आलेली, डोळे लाल. चूल नाही, आवाज नाही. केशरबाईनं असा हिशेब जुळवला की मला पुन्हा जालन्याला नेलं आणि तिकडंच सगळं उरकलं. तिच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं.

सोनूबाईचा आवाज ऐकून मी उठलो होतो. मग आठवलं, हलायचं नाही. माझ्या एका पावलानं लेकीचं चार वर्षांचं काम जायचं. परत बसलो. बहीण रडते आहे आणि मी पोत्यावर, असं कुणाच्या नशिबी येऊ नये. द्वारकानं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा कुठं ती गप्प झाली. मग सगळं अंगण गप्प बसलं. एवढी माणसं एवढी गप्प मी कधी पाहिली नाहीत. ज्यांना मी दारातून हाकलून दिलं होतं तेही आले होते.

सगळ्यात शेवटी रखमाजी आला. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. पण आता कैक वर्षं बोलत नाही. एकदा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला की तुझं पीठ कचकच करतं. मी त्याचं पोतं रस्त्यावर फेकलं. तेव्हापासून त्याचं दळण हसनाबादला. तो आला आणि जागा नव्हती म्हणून नेमका गिरणीच्या दाराला पाठ लावून बसला. त्याची पाठ आणि माझे गुडघे यांच्यात एक फळी.

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग हळूच बोलायला लागला, स्वतःशीच.

"मच्छिंद्रा, कचकच आमच्याच ज्वारीत व्हती बाबा. खळं नीट सारवलं न्हवतं. दुसऱ्या दिवशीच कळल्तं मला. सांगायला आल्तो, तर तू दारात उभा राहून मिशीला ताव देऊन राह्यल्तास. मंग माघारी गेलो. हसनाबादचं पीठ कधी गोड लागलं न्हाई रे. आज सांगू, उद्या सांगू करता करता तू गेलास."

मी वहीत भांडायला पाहिजे होतं. वही मांडीवरच होती. पण तोंडातून गेलंच, "मंग इतकी वर्षं काय जीभ गहाण ठेवल्ती?"

रखमाजी उडाला तो थेट सोनूबाईच्या अंगावर. त्यापुढचं लिहीत नाही. सोनूबाईनं मला मिठीही मारली आणि थापडही मारली. केशरबाई म्हणाली, "भाऊ, जिते हाव तर सांगायचं ना जल्दी," जसं काही ते माझं काम होतं.

बेबी बाहेर आली. हातात लांबलचक कागद. सगळं वाया गेलं हे तिच्या आईच्या तोंडावरूनच दिसत होतं. बेबी केशरबाईच्या समोर उकिडवी बसली आणि विचारलं, "काकू, सगळ्यांत आधी तुम्ही आल्त्या ना? इथं, भिंतीशी बसल्या?"

केशरबाई घाबरून हो म्हणाली.

"मंग मागून दोघी, त्या बाजूला?"

तिनं कागद ओट्यावर पसरला. रेघ सरळ चालली होती आणि एका जागी जरा कलली होती. ती केशरबाई. मग आणखी कलली, त्या दोघी. मग पायऱ्या-पायऱ्यांनी चढतच गेली होती. माणूस बसला की जमीन त्याच्या बाजूला झुकते, बेबी म्हणाली. डोळ्यांना दिसत नाही, पण एवढी माणसं भिंतीशी बसली तर खालचा कातळही कलतो. लोक आपापली जागा शोधायला लागले. टोप्या पुन्हा डोक्यावर गेल्या आणि जो तो कागदावर वाकून विचारायला लागला, मी कुठं आहे. एके ठिकाणी पेन कागदाच्या काठाला जाऊन धडकलं होतं, तो रखमाजी.

"म्हणजे पास झालं का?" मी विचारलं.

"न्हाई अण्णा. सगळं कळतं हे झालं. पण काहीच नसतं तव्हा यंत्र गप बसतं का, ते दाखवायचं राह्यलं." मग हळूच म्हणाली, "एकच दिवस उरला."

ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी, गुरुवार

रखमाजीनं सकाळीच आळीत फिरून सांगितलं, सगळ्यांनी माझ्या शेतात हुरडा खायला यायचं, घरात माणूस ठेवायचं न्हाई, जनावरंही सोडून आणायची. ट्रॅक्टरवाल्याला त्यानं स्वतः जाऊन दम भरला. केशरबाईची म्हैस सगळ्यांत पुढं. म्हातारी माणसं बैलगाडीत, पोरं मागं. पिंपळगावातली एक अख्खी आळी रिकामी झाली ती माझ्या लेकीसाठी.

मी गिरणीत बसायच्या तयारीत होतो. बेबी दारात आली.

"अण्णा, तुम्हीपण."

"मी हलणार न्हाई. काल हललो का?"

"तुम्ही स्वस्थ बसत न्हाई. दर थोड्या वेळानं फळीपाशी येता, मी दिसते का बघायला. कागदावर येतं ते." तिनं माझी टोपी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. "जा ना."

मी गेलो. आगटीभोवती सगळे बसले होते, कोवळी कणसं भाजून तळहातावर चोळत होते. रखमाजीनं पहिला घास मला दिला. इतक्या वर्षांनी त्याच्या हातचा. गोड होता, चटणीही झणझणीत होती, पण माझं लक्ष गावाकडे. द्वारका म्हणाली, "खा की. ती काही पळून न्हाई चालली."

दिवस कलल्यावर परतलो. बेबी उंबऱ्यावर बसली होती. तिनं कागद उलगडून दाखवला. रेघ सरळ होती, पट्टीनं ओढल्यासारखी. दुपारभर सरळ. तिचा चेहरा असा मी ती दहावीला केंद्रात पहिली आली तेव्हा पाहिला होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, शाब्बास. मनापासून म्हणालो.

झोपताना परत तो कागद पाहिला. तिथं कुणीच नाही, मीसुद्धा नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

बेबी गेली. गिरणी चालू केली. रखमाजीचं दळण आलं. बारीक करून दिलं आणि पोत्यात कचकच नाही हे त्याला आधी दाखवलं.

१ मार्च, रविवार

बेबी काल आली, अवचित. यंत्र निवडलं गेलं. मंगळवारी निघून मुंबईहून विमानानं जर्मनी. आधी दोन वर्षं म्हणत होती, आता तीन म्हणते, कारण उपग्रह वर गेल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतं. केशरबाईनं गावभर सांगितलं की मी आभाळात चालले. तिची रेघही जर्मनीला धाडलेल्या कागदांत गेली आहे ना.

संध्याकाळी बेबी गिरणीत आली. पट्टा थांबवला. ती पोत्यावर बसली आणि बोटानं पिठात रेघा ओढत राहिली.

"अण्णा, तुमचं ब्लडप्रेशर. आई एकटी. तुम्ही म्हणाल तर मी न्हाई जात. खरंच न्हाई जात."

हे ती वरवर बोलत नव्हती. मी नको जाऊ म्हटलं असतं तर ती राहिली असती, पुन्हा कधी विषयही काढला नसता. मला तिचं तोंड माहीत आहे. आणि मला नको जाऊ असंच म्हणायचं होतं. ओठावर होतं. जानेवारीपासून होतं.

मी म्हणालो, "जाय. तू हितं असलीस का मला गिरणी बंद ठेवा लागते. लोकायनी किती दिवस शिळं खायचं?"

ती हसली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ बसली. केसांना पीठ लागलं.

३ मार्च, मंगळवार

सकाळच्या एसटीनं बेबीनंदा गेली. रखमाजी बॅग घेऊन स्टँडपर्यंत आला. द्वारकानं धपाटे बांधून दिले, ते विमानात नेऊ देतात की नाही माहीत नाही. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. रडलो नाही.

घरी आल्यावर द्वारका मागच्या खोलीत जाऊन बसली, पेवाच्या तोंडाशी. मी तिला हाक मारली नाही. घरात इतकं शांत झालं की मला बसवेना. गिरणीत गेलो आणि मोटर चालू केली.

दळण कुणाचंच नव्हतं. रिकामी गिरणी चालवू नये, दगडाला दगड घासतो, त्यातले टाके म्हणजे खाचा बुजतात, हे मी इतरांना शिकवत आलो आहे. तरी चालू ठेवली. मला आवाज पाहिजे होता. मी त्यात तोंड उघडून रडलो, मोठ्यानं, आणि बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

दगड खराब झाले. उद्या टाके पाडायला टाकारी बोलवायचा आहे.